अम्मीचं हैदराबाद, काकूंचं हैदराबाद

आमच्याकडे ‘फिरायला जाणं’ हा प्रकार फारसा नसतो. जाणं असतं, पण ते कशासाठी तरी असतं. लग्नाला, मयतीला, उरुसाला, दवाखान्यात, पोरीला सासरी सोडायला. कुणी विचारलं, ‘कुठे निघालात?’ तर त्यावर कारण तयार लागतं. ‘सहज, बघायला’ हे उत्तर मराठवाड्यातल्या मुसलमान घरातली बाई देत नाही. दिलं तरी कुणाचा विश्वास बसत नाही.

माझी अम्मी आयुष्यात पाच वेळा हैदराबादला गेली. तीन लग्नं, एक चाळिसावा, आणि शेवटच्या वेळी अब्बांच्या आजारपणात दवाखान्यात बारा दिवस. या पाच खेपांत तिने चारमिनार पाहिला तो रिक्षातून, दोनदा, तोही गर्दीतून. सालारजंग म्युझियमचं तर फक्त नाव ऐकलेलं. मी म्हणाले, ‘अम्मी, या वेळी काही कारण नाही. फक्त बघायला जायचं.’ ती म्हणाली, ‘देखी ना मैं दूर से. बस है.’

आमच्या शाळेतली माझी मैत्रीण आणि मी चौदा वर्षं एकाच स्टाफरूममध्ये बसतो. तिच्या आईचीही हीच गत. काकूंनी पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर केलं. पण देव नसलेल्या गावाला त्या कधी गेल्या नाहीत. मग आम्ही दोघींनी ठरवलं, डिसेंबरच्या सुट्टीत दोन दिवस, दोन आया आणि दोन मुली. पुरुष कुणी नाही. परभणीहून रात्रीची गाडी, सकाळी हैदराबाद.

घरात बातमी फुटली आणि फुफीचा फोन आला. ‘उमरे के पैसे जमा करो. चारमिनार देख के क्या सवाब मिलनेवाला?’ हा प्रश्न आमच्याकडे नेहमीचा आहे, म्हणून त्याला बगल देऊन चालत नाही. उमऱ्याची इच्छा अम्मीची आहेच, आणि तिचे पैसे वेगळ्या डब्यात आहेत. त्याला आम्ही हात लावला नाही. पण उमरा होईपर्यंत बाईने दुसरं काहीच बघू नये, हे कुठून आलं? कुरआन तर जमिनीवर फिरा आणि पाहा, असं एकदा नव्हे, अनेकदा सांगतो. आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहा, असं सांगतो. कुतुबशहांच्या राजधानीत यापेक्षा वेगळं काय करणार होतो आम्ही? अम्मीने फुफीला दिलेलं उत्तर मात्र माझ्यापेक्षा सोपं होतं. ‘उमरे को अल्लाह बुलाएगा तब जाऊंगी. हैदराबाद को बेटी बुला रही.’

मग कागद-पेन घेऊन बसलो. पहिला प्रश्न वाराचा. सालारजंग म्युझियम शुक्रवारी बंद असतं, चौमहल्ला पॅलेसही. शुक्रवारी मक्का मशिदीच्या परिसरात जुम्याची गर्दी. म्हणून शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवार-रविवार तिथे. आमच्यातले कितीतरी लोक शुक्रवारची सुट्टी धरून जातात आणि बंद फाटक पाहून परत येतात, म्हणून हे आधी सांगते.

दुसरा प्रश्न गुडघ्यांचा. चारमिनारवर चढायला दीडशेच्या आसपास पायऱ्या, त्याही अरुंद आणि गोल फिरणाऱ्या. गोवळकोंड्याच्या बाला हिसारपर्यंत साडेतीनशेहून जास्त. खालच्या दरवाज्यात वाजवलेली टाळी वर ऐकू येते, ही गंमत मला दोघींना दाखवायची होती. पण वर पोचायचं कुणी? गोवळकोंड्यावर काट मारली. फिल्मसिटीवर काट मारली, ती एक सगळा दिवस खाते. चौमहल्ल्याची झुंबरंही ‘पुढच्या खेपेला’ या रकान्यात गेली. नियम केला : दिवसाला दोन ठिकाणं. दुपारी एक ते चार खोलीवर.

ही दुपारची सुट्टी म्हणजे आमच्या बेताचा कणा होता. म्हाताऱ्या माणसाला पाय पसरायला जागा लागते, स्वच्छ संडास लागतो, आणि अम्मीला जोहरची नमाज पढायला कोपरा लागतो. पुरुषांना वाटेत मशीद सापडते. बाईला वजू कुठे करायचा इथपासून विचार करावा लागतो, आणि तो न करता निघालं की तिचं निम्मं लक्ष घड्याळाकडे राहतं. शिवाय प्रवासात चार रकात फर्जच्या दोन होतात. आमच्या हनफी हिशेबाने सुमारे ७८ किलोमीटरच्या पुढचा प्रवास आणि मुक्काम पंधरा दिवसांहून कमी असला की माणूस मुसाफिर. धर्म स्वतः प्रवाशाला सवलत देतो. आपण मात्र आपल्या आयांना प्रवासातही सवलत देत नाही. ‘एवढ्या लांब आलो तर सगळं बघून घ्या’ म्हणून ओढत नेतो.

खोलीसाठी नामपल्ली-आबिड्सचा भाग निवडला. जुनं शहर जवळ, शाकाहारी हॉटेलंही हाताशी. खोलीसाठी फोन मैत्रिणीने करायचा की मी, यावर आम्ही दोघी क्षणभर गप्प झालो. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शहरात, माझ्या नावाने मागितलेली खोली ‘फुल्ल’ होती आणि दहा मिनिटांनी तिच्या नावाने तीच मिळाली होती. लॉजचं नाव घेण्यात अर्थ नाही. या वेळी फोन मी केला. नाव सांगितलं, चार बायका म्हणून सांगितलं. पलीकडच्या माणसाने एवढंच विचारलं, ‘गरम पानी सुबह कितने बजे होना?’ किती साधा प्रश्न, पण बरं वाटलं.

आता जेवण. इथे लोकांना वाटतं की खरी अडचण असेल. अम्मीला बिर्याणी हवी, तीही कच्च्या गोश्ताची : मसाल्यात मुरवलेलं कच्चं मटण खाली, अर्धा शिजलेला भात वर, आणि दम. काकू मांस शिजतं त्या हॉटेलात जेवत नाहीत. त्यात शनिवारी त्यांचा उपास, संध्याकाळी सोडायचा. कागदावर हे सगळं लिहिलं आणि लक्षात आलं की अडचण अशी काही नाहीच. एका टेबलावर, एका ताटात जेवलो तरच एकोपा, असं कुणी सांगितलं? आम्ही दोघी मैत्रिणी चौदा वर्षं आपापले डबे खातो. तिला माझ्या डब्याचा वास ओळखीचा आहे, मला तिच्या चतुर्थीचा हिशेब पाठ आहे. शनिवारी रात्री अम्मी आणि मी बिर्याणी खायला जुन्या शहरात, त्या दोघी उपास सोडायला आबिड्सला. नऊ वाजता पुन्हा खोलीवर. बाकीचं सगळं जेवण शाकाहारी हॉटेलात. मुसलमानालाही परगावी तीच मोठी सोय असते. हलालचा बोर्ड शोधत फिरावं लागत नाही. काकूंना हे पहिल्यांदाच कळलं. ‘म्हणजे तुम्हालाही आमच्यासारखंच हॉटेल बघून घ्यावं लागतं की!’

रविवारी दुपारी थाळीत बगारे बैंगन आलं. काकूंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, ‘हे तर आपलं भरलं वांगं. चिंच जरा पुढे आहे.’ खरंच आहे. तीळ, शेंगदाणे, खोबरं, वाटण तेच. हैदराबादचं म्हणून जे खाणं जगभर मिरवतं, त्यातलं कितीतरी परभणीच्या लग्नाच्या पंगतीत असतं. बगारा खाना आणि दालचा खाऊनच आम्ही वाढलो. अखेर १९४८ पर्यंत दोन्ही गावं एकाच राज्यात होती, आणि १९५६ पर्यंत आमच्या जिल्ह्याची राजधानी हैदराबादच होती.

आणि इथेच बेतातला सगळ्यात नाजूक भाग येतो. काकूंनी एकच ठिकाण मागितलं होतं : बेगमपेठेत स्वामी रामानंद तीर्थांची समाधी. त्यांचे वडील हैदराबाद मुक्तिसंग्रामात तुरुंगात गेले होते. माझे नाना त्याच काळात तहसिलीत कारकून होते, उर्दूतून लिहिणारे. कारभाराची भाषा बदलली आणि पस्तिसाव्या वर्षी त्यांनी बालबोध अक्षरं गिरवायला घेतली. काकूंच्या घरात १७ सप्टेंबर हा सणाचा दिवस. आमच्या घरात त्या दिवसाबद्दल मोठी माणसं आवाज खाली करून बोलायची. रझाकारांनी केलेले जुलूम खरे आहेत. पोलीस ॲक्शननंतर ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशा मुसलमानांवर जे ओढवलं, तेही खरं आहे. एकाच गल्लीतल्या दोन घरांत एकाच तारखेच्या दोन आठवणी आहेत.

मैत्रीण मला म्हणाली होती, ‘बेगमपेठ राहू दे. अम्मींना अवघडल्यासारखं होईल.’ मी अम्मीला विचारलं. अम्मी म्हणाली, ‘उनके बाप की याद है. चलते ना.’

रविवारी सकाळी तिथे गेलो. काकू हात जोडून उभ्या राहिल्या, अम्मी पदर डोक्यावर घेऊन शेजारी. फार बोलणं झालं नाही. परतताना रिक्षात मी त्यांना शोएबुल्ला खानची गोष्ट सांगितली. ‘इमरोज’ नावाच्या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक. हैदराबादने भारतात सामील व्हावं असं लिहायचा, रझाकारांविरुद्ध लिहायचा. ऑगस्ट १९४८ मध्ये याच शहरात, काचीगुड्याच्या भागात, त्याचा खून झाला. काकूंनी हे नाव कधी ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अम्मीनेही नाही. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काकू म्हणाल्या, ‘माझ्या वडिलांना नक्की माहीत असेल. विचारायचं राहूनच गेलं.’

शनिवारबद्दलही सांगते. सालारजंगमध्ये दोघींनी बुरख्यातल्या रिबेकाभोवती तीन चकरा मारल्या. बेंझोनी या इटालियन शिल्पकाराचं काम; संगमरवराचा बुरखा आणि त्यातून दिसणारा चेहरा. अम्मीला प्रश्न पडला, दगड इतका पातळ कसा? काकूंना प्रश्न पडला, तिचं लग्न झालं होतं का? तासाचे ठोके देणाऱ्या घड्याळासमोर खुर्च्या पकडून बसलो आणि तो इवलासा माणूस बाहेर येऊन घंटा वाजवून जाईपर्यंत दोघी पोरींसारख्या माना उंचावून बघत होत्या.

संध्याकाळी चारमिनार. १५९१ पासून उभा आहे तो. आम्ही वर चढलो नाही. मक्का मशिदीच्या अंगणात कबुतरांजवळ थोडं थांबलो आणि मग जवळच्या इराणी हॉटेलात गेलो. बेत करताना मी अम्मीला विचारलं होतं, ‘तुम्हाला तुमच्यासाठी काय पाहिजे?’ दोन दिवसांनी तिने उत्तर दिलं होतं : हॉटेलात बसून चहा प्यायचा आहे. घरी नाही, कुणाच्या पाहुणचाराचा नाही. पैसे देऊन, बसून, कुणी ‘चलो चलो’ न म्हणता. अब्बा आयुष्यभर हॉटेलात चहा प्याले. तिने पंचाहत्तरीकडे झुकल्यावर पहिल्यांदा. तासन्तास उकळलेला कोरा चहा वेगळा, आटवलेलं दूध वेगळं, कपात एकत्र. सोबत उस्मानिया बिस्किटं, शेवटच्या निजामाच्या नावाची. काकूंना उपासाला चहा चालत होता, बिस्किटं नाही. त्यांनी चार बिस्किटं रुमालात बांधून घेतली, रात्रीसाठी. अम्मीने दोन कप घेतले. पाऊण तास आम्ही तिथे बसलो. बेतातलं सगळ्यात मोठं ‘ठिकाण’ हेच होतं, आणि ते कुठल्याही यादीत नसतं.

नातेवाइकांचं काय केलं, हा आपल्यातला प्रत्येक जण विचारील. हैदराबादेत जाऊन खालाला न भेटणं म्हणजे गुन्हाच. पण दोन दिवस नातेवाइकांकडे दिले तर ती सहावी ‘कामाची’ खेप झाली असती. म्हणून आधीच फोन करून सांगितलं : रविवारी पाच ते सहा, फक्त चहा. खालाने अर्थातच चार पदार्थ केले, पण तासाभरात सोडलं. जर्दाळूचा खुबानी का मीठा काकूंनी दोनदा घेतला.

सगळा खर्च माणशी साडेचार हजारांच्या आत बसला. उमऱ्याचा डबा जिथल्या तिथे आहे.

तुमच्या घरातही अशी एखादी बाई असेल, जी प्रत्येक शहराला कुणाच्या तरी सुख-दुःखासाठी गेली आणि शहर न बघता परतली. तिला घेऊन जाणार असाल तर यादी इंटरनेटवरून उतरवून घेऊ नका. आधी तिला विचारा, आणि उत्तराला दोन दिवस द्या. पहिल्या दिवशी ती ‘कुछ नको’च म्हणेल.