वन्स मोअर

मैत्रिणींनो, तुम्ही तमाशा पाहिला आहे का? लाजू नका. मीही पाहिलेला नाही, नुसता ऐकला आहे.

माझं माहेर खालापूर तालुक्यातलं, खोपोलीजवळ. तिथे साजगावला कार्तिकी एकादशीपासून बोंबल्या विठोबाची जत्रा भरते. (नावाला हसू नका, सुक्या बोंबलांचा बाजारच तसा भरतो तिथे!) १९६७च्या सुमारास त्या जत्रेत तमाशाचा तंबू लागला होता. चांगल्या घरच्या बायकामुलींनी तिकडे फिरकायचंसुद्धा नाही, असा दंडक. आम्ही दोघी बहिणींनी कनातीबाहेर, बैलगाडीखाली बसून अख्खी गवळण ऐकली. सोंगाड्याचा एकेक टोला आला की आत हशा उसळायचा आणि बाहेर आम्ही फ्रॉकचा घोळ तोंडात कोंबायचो.

तो सोंगाड्या आमच्याच गावच्या बौद्धवाडीतला. जत्रा उठली आणि तो आमच्या मागीलदारी लाकडं फोडायला आला. आईने त्याला चहा दिला, वळचणीला ठेवलेल्या वेगळ्या कपात, वरून ओतून. कपाचा कान तुटलेला. पाटील-सावकारांची ज्याने भर तंबूत फिरकी घेतली, त्यानेच चहा पिऊन तो कप विसळला आणि पुन्हा वळचणीला ठेवला. मला म्हणायचं होतं, “किती हसवलंत हो तुम्ही!” पण म्हटलं असतं तर आमची चोरी उघडी पडली असती. राहिलं ते.

तमाशातला विनोद मोठा केला तो बऱ्याच अंशी याच वस्त्यांनी. कवलापूरचे काळू-बाळू घ्या ना! लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ या वगातले त्यांचे हवालदार उभ्या महाराष्ट्राला ठाऊक. ज्यांना पोलिसाने दटावून बाजूला सारायचं, त्यांनीच तो डगला चढवून पोलिसाचं हसं करायचं! आणि आपण? आपण टाळ्या राखून ठेवतो शोकसभेसाठी. विठाबाई नारायणगावकर २००२ साली हलाखीत गेल्या. त्यांच्या नावाचा सरकारी जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला तो नंतर. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली पन्नाशीत गेला, तेव्हा कुठे आपल्याला त्याच्या हसवण्यामागचं रडू दिसायला लागलं. अशोक सराफांना मात्र २०२५ साली पद्मश्री मिळाली, ते हयात असताना. मी घरात साखर वाटली.

अमेरिकेतल्या माझ्या भाचीने एकदा रिचर्ड प्रायरची गोष्ट सांगितली. काळा माणूस, आजीच्या कुंटणखान्यात वाढलेला. गोऱ्यांना हसवता हसवता त्यांचा भेदभाव त्यांच्याच पदरात घालायचा. मार्क ट्वेनच्या नावाचा विनोदाचा पुरस्कार १९९८ साली सुरू झाला, तो पहिला त्याला दिला. आजाराने पार खिळलेला होता, पण समोर बसून कौतुक ऐकलं त्याने. २००५ साली गेला.

ते ऐकलं आणि मला कान तुटलेला कप आठवला.

चौकशी केली तर आमचा सोंगाड्या होता की! खालापुरात लेकीकडे. (पाहिलंत, अजून मी ‘तो’च लिहिते आहे. आता ‘ते’ लिहीन.) कर्जत स्टेशनवरचे गरम बटाटेवडे बांधून घेतले, खोपोलीची गाडी पकडली, पुढे रिक्षा. ह्यांनी विचारलं, “कोण लागतात ते तुझे?” काय सांगणार?

ते ओट्यावर बसले होते. ऐंशी केव्हाच उलटलेली. मी माहेरचं नाव सांगितलं, मग कनात, बैलगाडी, सगळं. म्हटलं, “नाना, तेव्हा सांगायचं राहून गेलं. फार हसवलंत.”

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि हात पुढे केला. “म्हणजे तिकीट नाही काढलंत. द्या पैसे.”

लेक आतून चहा घेऊन आली. चांगल्या कपबश्या, सगळ्यांना सारख्या. मग मला राहवेना. आईच्या त्या कपाबद्दल बोलायचा प्रयत्न केला, पण शब्द काही धड येईनात. नानाच म्हणाले, “तो कप ना? त्याला कान नव्हता तेच बरं होतं. पिताना मी काय काय बोलायचो, ते तुमच्या आईपर्यंत पोचलं नाही.”

मी खळखळून हसले. मग पुढचा घोट काही गिळवेना. नाना हसले नव्हते. बशीकडे बोट दाखवून म्हणाले, “घ्या बाई, निवतोय.”