वळूचे नाणे

माझ्या टेबलाच्या खणात एक लहानशी लाकडी पेटी आहे. तिच्यात मखमलीचे अस्तर लावलेली घरे असून त्यांत अकरा नाणी ठेवली आहेत. आठ काशाची आणि तीन रुप्याची. ती सारी एकाच सम्राटाची आहेत. त्याचे नाव ज्युलियन. सोळाशे वर्षांपूर्वी तो रोमन साम्राज्याचा अधिपती होता. घरी आलेल्या पाहुण्यांचे लक्ष साहजिकच चकाकणाऱ्या रुप्याच्या नाण्यांकडे जाते. मी मात्र एक तांबूस, झिजलेले, ओबडधोबड नाणे प्रथम त्यांच्या हाती देतो. बाजारात त्याला आता कोणी काही देणार नाही. त्याची ही दशा काळाने केलेली नाही. ती मी केली आहे.

त्या वेळी मी शिक्षणासाठी लंडनला राहत होतो. ब्रिटिश म्युझियमजवळच्या एका गल्लीत जुन्या नाण्यांचे एक दुकान होते. शनिवारी दुपारी मी तेथे जाई आणि काचेपलीकडची नाणी पाहत उभा राही. दुकानाचे मालक वृद्ध गृहस्थ होते. मी काही विकत घेत नाही, हे त्यांना ठाऊक होते. तरीही ते मला कधी हटकीत नसत. एके दिवशी त्यांनी माझ्यापुढे दोन नाणी ठेवली. एकावर गुळगुळीत चेहऱ्याचा, बोडक्या डोक्याचा तरुण होता. दुसऱ्यावर मोत्यांची शिरपट्टी बांधलेला, भरघोस दाढीचा पुरुष होता.

“हे दोघे कोण असावेत?” त्यांनी विचारले.

“बहुधा पुत्र आणि पिता,” मी म्हणालो.

ते हसले. “नाही. दोन्हीही एकच माणूस. मध्ये फार थोडी वर्षे गेली आहेत.”

त्या थोड्या वर्षांत काय घडले, हे जाणून घेण्याची मला ओढ लागली आणि तिच्यातूनच माझा छंद जन्मास आला. ज्युलियन हा थोर सम्राट कॉन्स्टन्टाइन याचा पुतण्या. इ. स. ३३७ मध्ये कॉन्स्टन्टाइन मरण पावला आणि राज्याच्या लोभाने त्याच्या घराण्यात कत्तल झाली. तीत ज्युलियनचा पिता मारला गेला. त्या वेळी ज्युलियन पाच-सहा वर्षांचा होता. अनाथ मुलाने ग्रंथांचा आश्रय घेतला. पुढे तो अथेन्सला तत्त्वज्ञान शिकत असता चुलतभाऊ सम्राट कॉन्स्टन्शियस याने त्याला बोलावून घेतले आणि इ. स. ३५५ च्या नोव्हेंबरात ‘सीझर’ म्हणजे उपसम्राट केले. दाढी उतरवून, सैनिकी झगा घालून या पुस्तकी तरुणाला गॉल देशात, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, पाठविण्यात आले. गुळगुळीत चेहऱ्याचे नाणे त्या काळचे. पण या विद्यार्थ्याने इ. स. ३५७ मध्ये स्ट्रासबर्गजवळ मोठी लढाई जिंकली. तीन वर्षांनी पॅरिस येथे सैनिकांनी त्याला ढालीवर उचलून सम्राट म्हणून घोषित केले. इ. स. ३६१ मध्ये कॉन्स्टन्शियस मरण पावला आणि ज्युलियन एकटाच साम्राज्याचा धनी झाला.

आता त्याने तत्त्वज्ञांप्रमाणे दाढी वाढविली. राजवाड्यात त्याने केस कापण्यासाठी न्हावी बोलावला, तेव्हा भरजरी पोशाख घातलेला एक इसम आत आला. आपण न्हावी बोलावला की खजिन्याचा अधिकारी, अशी ज्युलियनला शंका पडली! चौकशी करता त्या न्हाव्याला मिळणारा भत्ता ऐकून तो थक्क झाला आणि असल्या अनेक सेवकांना त्याने घरी पाठविले.

पुढे अँटिऑक नगरात तो राहत असता तेथे धान्याची टंचाई झाली. त्याने धान्याचे भाव बांधून दिले, तेव्हा व्यापाऱ्यांनी माल दडवून ठेवला. जुन्या देवतांची पूजा त्याने पुन्हा चालू केली, हेही अनेकांना रुचले नाही. लोक त्याच्या दाढीची टिंगल करू लागले. त्याच्या मोठ्या काशाच्या नाण्यावर एक धिप्पाड वळू आणि त्यावर दोन तारे होते. त्या वळूचीही थट्टा झाली. वळू कशाचे चिन्ह आहे, याविषयी विद्वानांत आजही एकमत नाही. दुसरा एखादा सम्राट असता तर त्याने नगरावर सैन्य घातले असते. ज्युलियनने इ. स. ३६३ च्या आरंभी ‘दाढीद्वेष्टा’ या अर्थाच्या नावाचा एक उपरोधिक ग्रंथ लिहिला आणि त्यात स्वतःचीच चेष्टा करीत नगरवासीयांचे कान उपटले.

हे वाचल्यावर वळूचे नाणे आपल्याजवळ असावे, असे मला वाटू लागले. दोन महिने काटकसर करून मी ते विकत घेतले. सुमारे आठ ग्रॅम वजनाचे ते नाणे गडद हिरव्या थराने झाकलेले होते. आमच्या घरी दिवाळीपूर्वी तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासून लख्ख करीत. तोच उपाय मी योजिला. चिंचेच्या कोळात नाणे रात्रभर भिजत ठेवले आणि सकाळी ब्रशाने खसाखसा घासले. पाणी हिरवे झाले. मला आनंद झाला. पण नाणे पुसून उजेडात धरले, तेव्हा माझे हातपाय गार पडले. वळूखालची टाकसाळीची अक्षरे नाहीशी झाली होती. एक तारा गेला होता. आणि सम्राटाची दाढी? अँटिऑकचे सारे नगर जी दाढी काढू शकले नाही, ती मी एका सकाळीत काढून टाकली होती!

तीन आठवडे मी दुकानाकडे फिरकलो नाही. माझ्या मनात एक वाईट विचारही येऊन गेला. नाणे असेच मिळाले, असे सांगून ते दुसऱ्या एखाद्या दुकानात विकून टाकावे. पण त्या वृद्ध गृहस्थांनी मला हे नाणे विश्वासाने दिले होते. अखेर एका शनिवारी मी ते त्यांच्यापुढे ठेवले आणि घडले ते सारे सांगितले.

त्यांनी भिंगातून नाणे बराच वेळ पाहिले. मग ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही ज्याला मळ समजलात, तेच या नाण्याचे कवच होते. शेकडो वर्षे जमिनीत राहिल्यावर धातूचा वरचा भाग पालटतो. अक्षरे पुष्कळदा त्या पालटलेल्या थरातच उरलेली असतात. थर गेला की अक्षरे गेली. शंका आली, तर काही करू नये. हा आमच्या धंद्याचा पहिला नियम आहे. हे नाणे मात्र टाकू नका. ते सर्वांत पुढे ठेवा.”

मी आईला पत्र लिहून हा प्रकार कळविला. तिचे उत्तर आले, “अरे, कल्हई लावलेले पातेले मी आतून कधी काथ्याने घासते का? कशाला काय लावावे, हे आधी विचारावे.”

पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये मी हॉक्सन गावचा ठेवा पाहिला. इ. स. १९९२ मध्ये तेथील एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधण्यासाठी त्याचा मित्र धातुशोधक यंत्र घेऊन आला. यंत्र वाजले, त्याने खणले, तो रुप्याची नाणी व सोन्याचे दागिने दिसू लागले! अशा वेळी कोणाचा हात थांबेल? त्याचा थांबला. त्याने अधिकाऱ्यांना कळविले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी येऊन ती जागा पद्धतशीर खणली. म्हणूनच तो ठेवा लाकडी पेटीत कसा रचून ठेवला होता, हे आज आपल्याला कळते. त्यात चौदा हजारांहून अधिक रुप्याची नाणी निघाली. त्यांत ज्युलियनचीही आहेत. बहुतेक नाण्यांच्या कडा कोणी तरी रुप्यासाठी कातरल्या आहेत. पण सम्राटाच्या मुखाला कात्री लागू दिलेली नाही. हरवलेला तो हातोडाही नंतर सापडला आणि तो आता संग्रहालयातच आहे. त्या मित्राचा थांबलेला हात आणि माझा घासणारा हात यांची तुलना माझ्या मनात आपोआप झाली.

कालांतराने माझ्याजवळ रुप्याचे पहिले नाणे आले. ते जेमतेम दोन ग्रॅम वजनाचे आहे. त्यावर पानांच्या माळेत लॅटिन अक्षरे आहेत. सम्राटाच्या राज्याला दहा वर्षे लाभोत, वीस वर्षे लाभोत, असा त्यांचा आशय. प्रत्यक्षात इ. स. ३६३ च्या २६ जूनला इराणवरील स्वारीत भाला लागून ज्युलियन मरण पावला. सीझर झाल्यापासून मोजले, तरी आठ वर्षेही भरली नव्हती. त्याच्या सैन्यात असलेला इतिहासकार अमियानस लिहितो, की भारतातील राजांनी आणि सिंहलद्वीपानेही त्याच्याकडे भेटी घेऊन वकील पाठविले होते. ते वकील घरी पोहोचण्यापूर्वीच सम्राट गेला असेल काय, असा विचार ते नाणे पाहताना माझ्या मनात येतो.

आज माझी भाची पेटी उघडते, तेव्हा तीही आधी रुप्याकडेच हात नेते. मी तिच्या तळहातावर वळूचे नाणे ठेवतो. “याला दाढी का नाही?” असे ती विचारते. मग मी तिला सारे सांगतो, चिंचेसकट. गोष्ट संपली, की दोन बोटांनी नाण्याची कड तेवढी धरून ती ते हळूच मखमलीवर ठेवते.