आईच्या ओव्यांची कॅसेट

माझ्याकडच्या कीर्तन-भारुडांच्या शे-सव्वाशे कॅसेटींत सगळ्यात जपलेली ही एक. वर नाव नाही. १९९६ साली हेमा राईरकर यांच्या कामातली माणसं माजलगावच्या भीमनगरात बायांच्या जात्यावरच्या ओव्या टेप करून गेली. ते कानावर आलं आन् मीबी कोयत्याच्या उचलीतून उरलेल्या पैशात घेतलेला टेप जात्याशेजारी ठेवला. आई म्हणाली, "बंद कर रं ते, आवाज फुटलाय माझा." तरी गायली. मधी जात्याची घरघर, कोंबडा, आबांचा खोकला.

दुसऱ्या बाजूलाबी तिच्याच ओव्या होत्या. त्यावर पुढं मीच नाथषष्ठीचं कीर्तन भरलं. कीर्तन चांगलंय, पण ऐकवत नाही.

आबा गेले. आता कॅसेट लावली, की खोकल्यापाशी आई म्हणते, "थांब. जरा मागं घे."