विहारसेवेची मोटार आणि तिची बॅटरी

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते आणि साधू-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो. मंचरहून कळंबमार्गे नारायणगाव हा पुणे-नाशिक महामार्गावरील टप्पा जुन्नर-आंबेगावच्या श्रावकांना पाठ आहे. पायी चालणाऱ्या साध्वीजींच्या मागे, पहाटेच्या धूसर उजेडात, एखाद्या घरची मोटार चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून संथपणे चालते. मागून टोमॅटोचे टेम्पो आणि भाजीचे ट्रक भरधाव येत असतात. त्या दिव्यांचाच काय तो आडोसा.

नेमकी याच वेळी त्या मोटारीची बॅटरी सर्वांत दुबळी असते. पावसाळ्याचे चार महिने गाडी बहुतेक उभीच. फार तर पेठेतून बाजार समितीपर्यंत जाऊन येते. एवढ्याशा फेरीत स्टार्टरने ओढलेली वीज अल्टरनेटर भरून देऊ शकत नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीतील शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट होत जातो आणि तिची क्षमता कायमची घटते. त्याआधी एप्रिल-मेच्या उष्णतेने आयुष्य खाल्लेले असतेच. मार्गशीर्षातील थंड पहाटे ते केवळ उघडकीस येते. त्यात विहारसेवेत कधी इंजिन बंद, कधी अगदी मंद, आणि दिवे मात्र अखंड सुरू. खर्च चालू आणि जमा ठप्प, ही स्थिती पेढीवर किती दिवस निभते हे व्यापाऱ्यास सांगावयास नको.

गाडी सुरू झाली नाही की गॅरेजमधून सल्ला येतो, "शेठ, बदलूनच टाका." बदलण्यापूर्वी मोजणे बरे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट भरला, तर ती पूर्ण भरलेली समजावी. १२ च्या आसपास असेल, तर ती जवळजवळ रिकामी आहे. इंजिन सुरू असताना तोच आकडा १४ च्या जवळपास चढला पाहिजे. चढत नसेल, तर दोष बहुधा भरणा करणाऱ्या अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा असतो आणि नवी बॅटरीही महिनाभरात तशीच बसेल. कधी तर टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुतली, क्लॅम्प घट्ट केला, एवढ्यानेच काम भागते.

बदलणे अटळच ठरले, तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेली अँपिअर-अवर क्षमता, लांबी-रुंदी आणि प्लस टर्मिनल कोणत्या बाजूस आहे, हे तिन्ही जुळले पाहिजे. "दोन पैसे जास्त जाऊ द्या, पण मोठी द्या" हा मोह येथे कामाचा नाही. मोठी बॅटरी खोबणीत बसत नाही आणि वायर ताणल्या जातात. सिग्नलला आपोआप इंजिन बंद होणाऱ्या नव्या गाड्यांना मात्र ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच बॅटरी लागते. तेथे साधी बसवून केलेली बचत वर्षभरही टिकत नाही.

उत्पादनाचा महिना अवश्य पाहावा. दुकानाच्या फळीवर पडून राहिलेली बॅटरीही झिजतच असते. सहा महिन्यांपूर्वीची असल्यास दुसरी मागावी. हमीचे महिने दोन भागांत असतात. पहिल्या भागात बॅटरी बदलून मिळते, दुसऱ्यात केवळ उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात सूट, आणि ती बहुधा छापील किमतीवर. मोठ्या अक्षरांतील एकूण महिन्यांपेक्षा पहिला आकडा महत्त्वाचा. कार्डावर तारीख, गाडीचा क्रमांक आणि शिक्का नसेल, तर ते कार्ड नसल्यासारखेच.

बसवताना क्रम चुकवू नये. काढताना आधी मायनस, मग प्लस. जोडताना आधी प्लस, शेवटी मायनस. मायनस जोडलेला असताना प्लसवरील पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीची वाटच पाहत असतो. खालचा क्लॅम्प घट्ट आवळावा. घाटरस्त्याच्या हादऱ्यांनी आतील पट्ट्या सुटतात. टर्मिनलवर थोडे व्हॅसलीन लावावे.

उरते जुनी बॅटरी. तिच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते, म्हणून भंगारवाला कधी दुकानदारापेक्षा चार पैसे अधिक देऊ करतो. पुढे अनेकदा तिच्यातील आम्ल गटारात जाते आणि शिसे उघड्या भट्टीत वितळते. लहान मुलांच्या रक्तात शिशाचे सुरक्षित म्हणावे असे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. श्रावकाच्या सातव्या व्रतात जी पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत, त्यांत विषवाणिज्य आहे. हा सौदा त्यापासून फार दूर नाही. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे बंधन २००१ च्या नियमांनी घातले आणि २०२२ च्या नियमांनी त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. तेव्हा ती अधिकृत विक्रेत्याकडेच द्यावी आणि तिची वजावट बिलात स्वतंत्र लिहून घ्यावी.

पुढच्या चातुर्मासात आठवड्यातून एकदा गाडी जुन्नर ते नारायणगाव सलग जाऊन-येऊन ठेवली, की भरणा राहतो. ज्यांनी गावाबाहेर न जाण्याचा नियम घेतला असेल, त्यांनी मायनस टर्मिनल सोडवून ठेवावे आणि महिन्यातून एकदा चार्जर लावावा. कार्तिकात घड्याळ तेवढे पुन्हा लावावे लागेल.