वर्गणीदारांची वही

गेल्या चातुर्मासात एका घरगुती कार्यक्रमात एका तरुणाने मला विचारले, "काका, तुमच्या नाण्यांच्या त्रैमासिकाचे वर्गणीदार दुपटीहून वाढले म्हणे! फेसबुकचे नेमके कोणते तंत्र वापरले?" मी हसून वेळ मारून नेली. खरे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते, आणि त्यात माझी एक चूकही दडलेली होती. आज ते उत्तर येथे लिहितो.

हे त्रैमासिक मूळ माझे नव्हे. ते धुळ्याच्या माझ्या मामासांचे. आग्रा रोडवर त्यांची धान्याची पेढी. तरुणपणी गल्ल्यात आलेली जुनी नाणी ते बाजूला काढून ठेवीत. पुढे त्या छंदाने त्यांना पुरते वेढले आणि सुमारे तीस वर्षांपूर्वी त्यांनी चोवीस पानांचे एक लहानसे त्रैमासिक सुरू केले. छपाईचा खर्च निघाला तर निघाला, नाहीतर पेढीतून. वर्गणीदारांसाठी त्यांनी खतावणीसारखी एक लाल वही ठेवली होती. प्रत्येकाचे एक पान; त्यावर पत्ता, वर्गणीची तारीख आणि त्याची आवड. कोणी होळकरांची नाणी जमवणारा, कोणी थाळनेर आणि बुऱ्हाणपूर येथून राज्य करणाऱ्या फारूकी सुलतानांच्या नाण्यांचा अभ्यासक.

खानदेशाला असा उद्योग नवा नाही. साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हाताने लिहून दैनिक चालवले आणि पुढे 'विद्यार्थी' मासिक काढले. केवळ कवितेला वाहिलेले 'कविता-रती' हे द्वैमासिक पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ पासून धुळ्यातूनच चालवले आणि त्याला साऱ्या महाराष्ट्रातून कवी व वाचक लाभले. आपल्या समाजापुरते बोलायचे तर सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशी यांनी एकोणिसाव्या शतकातच 'जैन बोधक' सुरू केले. यांपैकी कोणाजवळही मोबाइल नव्हता. वाचक एकेक करूनच जोडला जात होता.

मी बँकेतून निवृत्त होऊन जळगावात स्थिरावलो तेव्हा मामासांच्या वहीत जेमतेम एकशे बारा पाने जिवंत उरली होती. जुने वर्गणीदार निवर्तत होते आणि त्यांच्या मुलांना या विषयाची गोडी नव्हती. मामासांची दृष्टीही मंदावली होती. ते म्हणाले, "तू एम.कॉम. झालास, हिशेब जाणतोस. आता हे तू सांभाळ." मी होकार दिला. पुढे २०२० च्या टाळेबंदीत छापखाना बंद पडला आणि अंक मोबाइलवरून पाठवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. सूनबाईंनी मला फेसबुकचे पान उघडून दिले, व्हॉट्सॲपचा गट करून दिला आणि छायाचित्र स्वच्छ कसे घ्यावे तेही शिकवले.

पहिले वर्षभर मी मोठ्या निष्ठेने लिहीत होतो. आठवड्याला एक नाणे, त्यावरील लेखाचे वाचन, त्यामागचा इतिहास. वीस-पंचवीस जण अंगठा दाखवीत, तेही बहुतेक नातेवाईक. छत्तीस वर्षे ठेवींची उद्दिष्टे गाठण्यात गेलेल्या माणसाला हा आकडा रुचेना. रात्री झोपण्यापूर्वी तो पाहण्याची मला सवयच जडली.

जुलै २०२१ मध्ये मी कंपनी सरकारच्या तांब्याच्या पाव आण्याचे छायाचित्र टाकले आणि वर ठळक अक्षरांत लिहिले, "आजीच्या पेटीत हे नाणे आहे का? आपण लखपती असू शकता!" खाली खरी माहितीही दिली होती. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकसारखी नाणी सुरू झाली, त्यांपैकी पाव आणे फार मोठ्या संख्येने पाडले गेले, म्हणूनच ते आजही जुन्या घरांत सापडतात आणि सामान्य प्रतीच्या नाण्याला फारसे मोल येत नाही, हे सारे त्यात होते. मात्र ते शेवटच्या ओळींत होते. तिथवर वाचतो कोण?

तीन दिवसांत ती पोस्ट हजारो लोकांनी पुढे पाठवली. पानाचे अनुयायी सहा हजारांवर गेले. मी हर्षभरित होऊन मामासांना दूरध्वनी केला. ते एवढेच म्हणाले, "बरे झाले. पण एवढ्या लोकांची पाने वहीत कशी घालायची?" मला तो म्हातारपणाचा भाबडेपणा वाटला.

ऑगस्टमध्ये पारोळ्याकडच्या एका ताईंचा फोन आला. पती निवर्तलेले, मुलगी शिकत असलेली. त्यांच्याजवळ तसाच पाव आणा होता. आमच्या पोस्टखाली त्यांनी "माझ्याकडे आहे" असे लिहून आपला फोन क्रमांकही दिला होता. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी त्यांना गाठले आणि नाणे साडेचार लाखांना विकून देतो, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाचे पत्र मोबाइलवर पाठवले. मग नोंदणी शुल्क, मग कर, असे करीत त्यांच्याकडून अठरा हजार पाचशे रुपये उकळले आणि फोन बंद झाला. ताई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमच्या पानावर वाचलं होतं, अन् तुम्ही बँकेतले साहेब, म्हणून विश्वास ठेवला."

त्याच महिन्याच्या ४ तारखेला रिझर्व्ह बँकेने जाहीर इशारा दिला होता. जुन्या नोटा व नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काही संबंध नाही, अशा व्यवहारात ती शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि तसे घेण्याचा अधिकारही तिने कोणास दिलेला नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. तो मी वाचला होता. आपल्या पानावर द्यावा, हे मात्र मला सुचले नाही. त्यात लोकप्रिय होण्यासारखे काही नव्हते ना!

ताईंना घेऊन मी सायबर पोलिसांकडे तक्रार केली. पैसे परत मिळाले नाहीत. तेवढी रक्कम मी देऊ केली, ती त्यांनी नाकारली. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने धुळ्यास गेलो आणि मामासांना सर्व सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाव मोठ्या अक्षरांत आणि अट बारीक अक्षरांत लिहिणारा व्यापारी आपल्या घरात झाला नव्हता रे. सत्याणुव्रताच्या अतिचारांत मिथ्योपदेश पहिला सांगितला आहे. तू खोटे बोलला नाहीस, पण लोकांना खोट्याच्या दारापर्यंत नेऊन सोडलेस." थोड्या वेळाने जरा मऊ आवाजात म्हणाले, "उधारी वाढली म्हणजे धंदा वाढला, असे नसते."

संवत्सरी जवळ आली होती. त्या दिवशी आपण सारेच आप्तेष्टांना क्षमापनेची सुंदर चित्रे पाठवतो. मी त्या वर्षी चित्र पाठवले नाही. ती पोस्ट काढून टाकली आणि त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत, काय घडले, माझे काय चुकले आणि त्या नाण्याची खरी किंमत काय, ते लिहिले. ताईंचे नाव-गाव अर्थातच दिले नाही. खाली मिच्छामि दुक्कडम् लिहिले. त्या आठवड्यात चौदाशे अनुयायी निघून गेले. दोन-तीन जणांनी मला ढोंगीही म्हटले. ते मी तसेच राहू दिले.

त्यानंतर आम्ही काही नियम केले. छंदाचे, संस्थेचे वा पेढीचे पान चालवणाऱ्या कोणालाही ते उपयोगी पडावेत. नाण्याची किंमत पानावर लिहायची नाही. कोणी फोन क्रमांक लिहिला तर तो ताबडतोब झाकायचा आणि स्वतः फोन करायचा. व्हॉट्सॲपच्या गटात प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो, म्हणून गटाऐवजी ब्रॉडकास्ट यादी करायची. त्या यादीत एका वेळी २५६ जणच मावतात आणि आपला क्रमांक ज्याने स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच निरोप पोहोचतो. प्रथम मला ही अडचण वाटली. पुढे उमगले की हीच तर वर्गणीदाराची व्याख्या आहे! नव्यांसाठी आता चॅनेल आहे. तेथे एका अनुयायाचा क्रमांक दुसऱ्याला दिसत नाही. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे, ही ओळ प्रत्येक अंकात छापतो.

लिहिण्याची रीतही बदलली. '१८१८' साल आणि रामदरबार असलेले कंपनीचे म्हणून विकले जाणारे आणे कंपनीने कधीच पाडले नव्हते, हे आम्ही छायाचित्रांसह दाखवले. तो मजकूर पुष्कळ घरांत पोहोचला, कारण तशी 'नाणी' पुष्कळ देवघरांत होती. ज्यांना पुढे शिकायचे होते त्यांना नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेची माहिती दिली. विचारणा करणाऱ्या प्रत्येकाशी मी फोनवर बोलतो. दहांतून एखादा वर्गणीदार होतो, पण तो सहसा सुटत नाही. आज वहीत दोनशे त्रेसष्ट पाने आहेत. त्या तरुणाने विचारलेले तंत्र म्हणायचे तर हेच. मोबाइल दारापर्यंत माणूस आणतो. त्याला आत बोलावून पाणी विचारण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

मामासा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. अंक निघाला की मी त्यांना वही वाचून दाखवतो आणि ते प्रत्येक नावावर मान डोलावतात. त्या ताईंचेही एक पान तीत आहे. वर्गणीच्या रकान्यात काही लिहिलेले नाही. त्यांनी पाठवली नाही आणि आम्ही मागितली नाही. अंक मात्र दर तीन महिन्यांनी जातो. अजून एकदाही परत आलेला नाही.