पाच जुलै की सात मे?

स्मरणिकेसाठी लिहिण्याचा निरोप आला, तेव्हा आम्हा तिघा माजी विद्यार्थ्यांना आधी आठवली ती आमची एक चूक.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने १९६५ मध्ये घरट्यांच्या नोंदी कार्डांवर मागविण्यास आरंभ केला. हौशी निरीक्षकांनी हाताने लिहिलेली तीन लाखांहून अधिक कार्डे जमली. ती संगणकात उतरविण्याचे काम ‘झूनिव्हर्स’ या संकेतस्थळावरून जगभरच्या स्वयंसेवकांनी केले. रविवारी सकाळी आम्हीही करत असू.

एका कार्डावर ‘५/७/६७’ असे होते. अमेरिकन रॉबिन, निळी अंडी चार. आम्ही पाच जुलै लिहिले असते. त्याआधीच्या अनेक कार्डांवर तसेच लिहिले होते. त्यांवर एकेकच भेट नोंदलेली होती आणि रॉबिन एका हंगामात दोन-तीनदा अंडी घालतो, म्हणून जुलै खटकला नाही. या कार्डावर मात्र खाली ‘५/१९’ होते. एकोणिसावा महिना कुठला? तिकडे महिना आधी लिहितात. सूचना नीट वाचल्या असत्या तर कळले असते.

ब्रिटनमध्ये १९३९ पासून चालत आलेल्या अशाच नोंदींवरून १९९७ मध्ये अभ्यासकांनी दाखविले, की ६५ जातींपैकी २० जाती पंचवीस वर्षांत सरासरी सुमारे नऊ दिवस आधी अंडी घालू लागल्या होत्या. शोध नऊ दिवसांचा, आणि आमची चूक दोन महिन्यांची!

वसतिगृहात कोठीची वही लिहिताना चुकले तर एक रेघ मारून शेजारी सही करण्याची शिस्त होती. येथे पाठविलेली नोंद मागे घेता येत नाही. एकच कार्ड अनेकांपुढे जाते, त्यामुळे चूक उघडी पडते, असे आम्ही एकमेकांना समजावले. “पण बाकीचेही आपल्यासारखेच वाचणारे निघाले तर?” असे आमच्यातील एकाने विचारले. आम्ही गप्प बसलो.

ते कार्ड अजून डोळ्यांपुढे आहे. १९ मे रोजी तीन पिल्ले. २४ मे रोजी एकच शब्द : रिकामे. पिल्ले उडण्याजोगी व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. येथे पाचच दिवस झाले होते. मांजर आले असावे, असे लिहिण्याचा मोह आम्हा तिघांनाही झाला. निरीक्षकाने कारण लिहिले नव्हते. आम्ही ‘रिकामे’ एवढेच उतरविले, तारीख पुन्हा एकदा पाहिली आणि कार्ड पाठविले.