जपून ठेवलेला उजेड

चांगली वस्तू वापरायची नाही, जपून ठेवायची, हा आमच्या घराण्याचा कुळधर्म! आईची पैठणी, चांदीचे ताट आणि वडिलांनी माझ्या हवाली केलेला कॅमेऱ्याचा फ्लॅश. रोह्याची पावसाळी हवा काय विचारता! म्हणून मी तो मलमलीत गुंडाळून, डब्यात घालून कपाटात ठेवी. गणपतीला आत्याकडे पेणला जाताना तेवढा तो खाली उतरे. मध्ये दोन वर्षे तेही जमले नाही.

२००३ साली मात्र नागोठण्यावरून एस्टीने गेलो. आत्या नऊवारी नेसून अंधाऱ्या माजघरात मूर्तीशेजारी बसली. मी नवे सेल घातले. फ्लॅशची बारीक शीळ सुरू झाली. पण तांबडा दिवा काही लागेना. पाच मिनिटे गेली, दहा गेली. आरती खोळंबली.

"राहू दे रे बाळा," आत्या म्हणाली, "पुढच्या वर्षी काढ."

पुढच्या गणपतीला आत्या नव्हती.

नंतर पेणच्याच एका कारागिराला फ्लॅश दाखवला. "अहो, हा फारसा वापरलेलासुद्धा नाही!" मी म्हणालो.

"मास्तर, तेच तर दुखणे," तो हसला. "आमच्या गावात गणपतीदेखील बारा महिने घडतात. हात थांबला की बिघडतो."

मग त्याने समजावले. आतल्या कंडेन्सरमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिपातळ थर असतो. अधूनमधून वीज मिळाली तर तो शाबूत राहतो. फार दिवस न मिळाल्यास क्षीण होतो आणि भरलेली वीज आतल्या आत झिरपते. महिन्यातून एकदा सेल घालावे, दिवा लागल्यावरही थोडा वेळ थांबावे, पाच-सहा वेळा चमकवावा आणि सेल काढून ठेवावे. ते गळले तर पट्ट्या खातात. उघडून मात्र पाहू नये. आत सुमारे ३०० व्होल्ट दबा धरून असतात.

त्याने तासभर फ्लॅश भरत ठेवला. तांबडा दिवा लागला! मला आनंद झाला म्हणावे, तर डोळे भरून आले.

आता दर पहिल्या तारखेला, देवापाशी दिवा लागला की मी भिंतीवर सहा वेळा उजेड पाडतो. मोबाइलवाली मुले हसतात. त्या भिंतीवर आत्याचा फोटो नाही.

यंदा दिवाळीला आमच्या हिला म्हटले, "ती पैठणी नेस."

"खराब होईल ना!"

"होऊ दे," मी म्हणालो.